१ ते २४९ मधला एक आकडा

आज एक येडेपणा केला. एम.ए.ला प्रवेश मिळेल का, हे विचारायला ज्योतिषाकडे गेले. वय ५२. घरी सांगितलं, भाजी आणायला जातेय.

आमच्या सोसायटीतले एक काका ज्योतिषातल्या कृष्णमूर्ती पद्धतीने प्रश्नकुंडली, म्हणजे जन्मावरून नाही तर विचारलेल्या प्रश्नावरून कुंडली, मांडतात. तिला जन्मवेळ लागत नाही, ते बरं. माझी तर आईलाही धड आठवत नव्हती. "प्रश्न मनात धरा आणि १ ते २४९ मधला एक आकडा सांगा." मी १४७ म्हटलं. कॉलेजला जायचे ती बस. २४९च का, हे विचारल्याशिवाय राहवेना. २७ नक्षत्रांचे प्रत्येकी ९ भाग म्हणजे २४३, त्यातले ६ राशीच्या सीमेवर तुटून दोन होतात, म्हणून २४९. हिशोब चोख. मला फार आवडला. (विश्वास किती, ते वेगळं.)

मग भिंगातून बराच वेळ पंचांग. चौथं स्थान शिक्षणाचं, नववं उच्च शिक्षणाचं, अकरावं इच्छापूर्तीचं. काकांनी पेन्सिलीने अकराव्याभोवती गोल केला. "होईल. पण कागदपत्रांचा ग्रह बुध वक्री आहे, उलटा चालतोय. कागदपत्रं नीट बघा."

कागदपत्रं! गॅप सर्टिफिकेट अजून व्हायचंच होतं. बी.ए. १९९४. मधल्या वर्षांचं कारण प्रतिज्ञापत्रात एका ओळीत लिहायचं. दोन बाळंतपणं, ह्यांच्या बदल्या, सासूबाईंचं आजारपण... ओळ पुरेना. तशीच वकिलाकडे जाऊन 'कौटुंबिक कारणास्तव' लिहून आले.

भाजी राहिलीच. रात्री पिठलं. लेक म्हणते, "आई, मंडई बंद होती का गं?"