अंगठा कोणी द्यायचा

दुपारपासून मन थाऱ्यावर नाही. झालं तर काहीच नाही. ह्यांच्यासोबत देवळीला गेले होते युरिया आणायला. पऱ्हाटीला दुसरा हप्ता द्यायचा राहिला आहे, पोळा तोंडावर आला आणि पावसानं आत्ता कुठं उघाड दिली. दुकानदारानं नंबर टाकून मशीन काउंटरवरून पुढं सरकवली. माझा अंगठा पदराला पुसून तयारच होता. मशीन माझ्या हातासमोरून पुढं गेली आणि ह्यांच्यापाशी थांबली. "साहेब, अंगठा ठेवा." ह्यांनी ठेवला. पावती निघाली, गोण्या गाडीत पडल्या, आम्ही घरी आलो.

रस्त्यानं मी बोलले नाही. ह्यांना वाटलं ऊन लागलं.

खताला अंगठा लागायला लागला २०१८ पासून. तेव्हापासून तो माझाच. निंदणाच्या दिवसांत रेषा झिजतात, मशीन घेत नाही, मग हात धुवा, पुसा, पुन्हा ठेवा, मागचे लोक खोळंबलेले. ह्यांचा आज पहिल्याच खेपेला लागला. तेच मला जास्त लागलं की काय, कोण जाणे.

राग दुकानदाराचा नाही. वाईट सालात त्यानं माझ्या नुसत्या शब्दावर बियाणं दिलं आहे. ह्यांचाही नाही. ह्यांनी काय केलं? समोर आलेल्या मशीनवर अंगठा ठेवला. मग राग कोणाचा?

सालदारही आता तसंच करतो. परवा मी म्हटलं, उद्या डवरा चालव, तर म्हणतो, "साहेबाले इचारून घेतो." इतकी वर्षं कोणाला विचारत होता?

हे १९९५ ला फौजेत भरती झाले. ट्रेनिंग कामठीला, गार्ड्स रेजिमेंटच्या सेंटरमध्ये, म्हणजे घराजवळच. पुढं इतकं जवळ कधी आलेच नाहीत. वर्षाची ६० दिवस सुट्टी, वरची ३० दिवस आकस्मिक, आणि तीही वरून सुटली तर. हे ती तोडून घ्यायचे, थोडी पेरणीला, थोडी दिवाळीला. जम्मूहून निघाले की दोन रात्री गाडीत, नागपूरला उतरून एसटी, आणि फाट्यापासून पाठीवर होल्डॉल घेऊन पायी. झाशीजवळ बबीन्याला असताना क्वार्टर मिळालं, तेवढाच काय तो आमचा एकत्र संसार. तिथंही रोज संध्याकाळी घरी फोन, तूर कशी आहे, विहिरीला पाणी किती.

लोकांना कारगिल आठवते. मला २००२ आठवते. आदल्या डिसेंबरात संसदेवर हल्ला झाला आणि सारी फौज सीमेवर गेली. लढाई झाली नाही म्हणून ते सारे विसरले, पण तिथं सुरुंग पेरताना जीव गेले. हे राजस्थानात होते, सुट्ट्या बंद. मोठी त्याच साली झाली. ऑक्टोबरात फौज मागं फिरायचा हुकूम निघाला आणि हे घरी आले तेव्हा ती बसायला लागली होती. अनोळखी माणूस पाहून रडली. ह्यांनी तिला उचललं नाही, ती आपणहून येईपर्यंत दोन दिवस ओसरीत नुसते जवळ बसून राहिले.

सियाचीन ग्लेशियरवरून आले तेव्हा चेहरा काळा आणि अन्नावर वासना नाही. काय झालं विचारलं तर म्हणाले, थंडी होती. बस.

ह्यांच्या पगारानं हे घर तरलं, ते मी कधी विसरणार नाही. कापसाच्या गावात महिन्याच्या महिन्याला येणारा पैसा म्हणजे काय, ते इथं राहणाऱ्यालाच कळतं. ज्या साली पंतप्रधान विदर्भात येऊन गेले आणि सहा जिल्ह्यांना पॅकेज मिळालं, त्या २००६ साली आमच्या आळीतल्या दोन घरांत काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. आमच्यावर सोसायटीचं कर्ज नव्हतं. नणंदेचं लग्न, मामंजींचं ऑपरेशन, विहीर, सगळं तिकडून आलं. ह्यांनी स्वतःला एक घड्याळ घेतलं नाही.

पण वावर मी केलं. २०१७ ला यवतमाळकडं फवारणी करता करता माणसं मेली, तेव्हा हे काश्मीरमधून रोज फोन करायचे, "तू पंप धरू नको, तोंड बांध, वारा पाह्य." बायकोच्या जिवाची काळजी सीमेवरून. मी हो म्हणायची. पंप कोण धरणार होतं मग? त्या आठवड्यात मजूर यायला तयार नव्हते.

सासूबाईंच्या वेळचं मी इथं लिहिणार नाही.

सुट्टीचा एक नियम होता. कोणी ठरवलेला नाही, पण फौजीच्या प्रत्येक घरात असतो. माणूस सुट्टीवर आला की रडगाणं नाही. बैल लंगडला, पोरगा नापास झाला, धुऱ्यावरून भांडण झालं, सगळं गिळायचं आणि पुरणपोळी करायची. तिकडून ते लिहायचे सर्व ठीक, इकडून मी लिहायची सर्व ठीक. २०२१ ला नायब सुभेदार म्हणून घरी आले, त्यालाही आता बराच काळ झाला, पण मी अजून तो नियम पाळते आहे. आज लिहिता लिहिता हे ध्यानात आलं.

आणखी एक. लग्न झालं त्याच साली फौजेच्या कागदात माझं नाव चढलं, पार्ट टू ऑर्डर, म्हणजे त्या नोंदीचा हुकूम, निघाली. पोरांचीही तशीच चढली. पेन्शनच्या पीपीओवर, म्हणजे मंजुरीच्या कागदावर, माझं नाव आहे. जिथं मी एक दिवस काम केलं नाही तिथं मी कागदावर आहे. जिथं हाड झिजवलं त्या वावराच्या सातबाऱ्यावर एकटे हे. अतिवृष्टीचे पैसेसुद्धा ह्यांच्या खात्यात येतात. तर राग हा होता. अंगठा फक्त निमित्त.

रात्री जेवणं झाल्यावर हे नेहमीसारखे दारातल्या चपला मोजत होते. हे रोजचं आहे. फौजेत संध्याकाळी गिनती व्हायची, इथं चपला मोजतात. धाकट्याचे बूट नसले की तो येईपर्यंत ओसरीत बसतात. तो पहाटे भरतीसाठी रोडवर पळतो. आता भरती चार वर्षांची, आणि हे त्यावर हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत. तो विषय वेगळा.

चपला मोजून झाल्यावर मी म्हटलं, "अजी, सातबाऱ्यावर माझं नाव पाहिजे."

हे तसेच वाकलेले राहिले. मग म्हणाले, "इतके दिवस काऊन नाही सांगतलं?"

"तुमी सुट्टीवर येत होते. सुट्टीत असं बोलत असते काय?"

ह्यांना ते लागलं, मला दिसलं. पण बोलले ते कामाचंच. "लक्ष्मी मुक्ती म्हणते थे ना? अर्ज मलेच करा लागते." १९९२ पासूनची योजना, नवऱ्यानं अर्ज केला तर बायकोचं नाव लागतं. म्हणजे ह्यांना माहीत होतं. सुचलं नव्हतं. इतक्या लांबून वावर म्हणजे फोनवरचं बोलणं, त्याच्या कागदाची आठवण तिथं कशी येणार? ह्यावर मी आता भांडणार नाही.

मग बराच वेळ बोललो. डवरा, ओलित, फवारणी ह्यांच्याकडं. पंप मी ह्यापुढं धरणार नाही. खत, बियाणं, मजुरी, कापूस कोणाला द्यायचा ते माझ्याकडं. ह्यांना सालदाराचं चुकलेलं वाटतं, मला वाटत नाही. तो बिचारा ज्याचा आवाज मोठा त्याचं ऐकणार. त्याला उद्या सकाळी हेच सांगणार आहेत की पैशाचं बाईला विचारायचं. हे शिकतील. मीही शिकेन, विचारून करायला. मला त्याची सवय राहिली नाही, आणि हा माणूस घरी आहे तर विचारायला हवं.

तलाठी सोमवारी बसतो. आधार आणि सातबाऱ्याची नक्कल मी पिशवीत घालून ठेवली. अर्ज हे स्वतःच्या हातानं लिहितो म्हणाले, अक्षर चांगलं आहे. डीएपीच्या दोन गोण्या अजून आणायच्या आहेत, त्या मी येताना घेईन.