करंगळी

रविवार, रात्रीचे साडेदहा

लेकीच्या शाळेत शनिवारी कवितावाचन आहे. विषय ‘बाबा’. एक चांगली शोधून द्या म्हणाली आणि सायकल घेऊन पळाली. मी आपला दुपारपासून कपाट उपसतोय.

आई पाहिजे तेवढी. यशवंतांची ‘आई म्हणोनि कोणी’, माधव जूलियनांची ‘प्रेमस्वरूप आई’. आमच्या सोलापूरच्या कुंजविहारींची ‘भेटेन नऊ महिन्यांनी’ तर इथं पूर्वी घराघरात पाठ होती. त्यातला फासावर जाणारा पोरगाही निरोप घेतो तो आईचाच. बाप त्या वेळी कुठं उभा असेल, हा प्रश्न मला आजवर पडला नव्हता.

मग पंढरपूरकडं वळलो. तिथंही विठ्ठलाची आम्ही विठाई केली, माउली केली. पण जनाबाईचा एक अभंग हाती लागला, तोंडपाठ असून कधी नीट न वाचलेला. ‘विठू माझा लेकुरवाळा, संगे गोपाळांचा मेळा.’ लेकुरवाळा! हा शब्द आपण बाईसाठी राखून ठेवलाय. जनीनं तो सरळ पुरुषाला लावला. निवृत्ती खांद्यावर, सोपानाचा हात धरलेला, पुढं ज्ञानेश्वर, मागं मुक्ताई, बंका कडेवर, नाम्यानं करंगळी धरलेली. जत्रेत पोरं सांभाळत निघालेला बाप. सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेत, गड्ड्याच्या गर्दीत, असे बाप मी दर जानेवारीला बघतो.

आणि हे लिहिलं कुणी? जिला बापानं लहानपणीच गंगाखेडाहून आणून नामदेवांच्या घरी ठेवलं तिनं. ज्ञानेश्वरांचंही तसंच. आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं म्हणतात. वडील विठ्ठलपंत, आई रुक्मिणी. पोरगा अभंगाखाली सही करतो, ‘बापरखुमादेविवरु विठ्ठलु’. देवाचं नाव आहे, मान्य. पण घरातली दोन्ही नावं त्यात आलीच की. नारायण सुर्वे तर सापडलेलं मूल. आडनाव मिळालं ते गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराचं. त्यांच्या कवितेतली आई पोराचं नाव घालायला शाळेत येते, आणि बापाच्या नावाची जागा आली की म्हणते, मास्तर, तुमचंच नाव लिवा.

म्हणजे बाप कवितेत आणला तो बहुतेक ज्यांच्या हातून सुटला त्यांनी. (हा काही नियम नव्हे, माझं एका दुपारचं वाचन.) ज्यांना शेवटपर्यंत लाभला ते वेगळंच बोलतात. इथून तासाभरावर मंगळवेढा. गावकुसाचं काम चालू असताना भिंत पडून चोखोबा गेले ते तिथं. चोखोबा म्हणाले, ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा. त्यांचा पोरगा कर्ममेळा देवाला थेट विचारतो, ‘आमुची केली हीन याती, तुज कां न कळे श्रीपती?’ बापानं समजूत घातली ती पोराला पुरली नाही. मला तरी हे बापलेकाचं भांडण वाटतं, देव नुसता मधे उभा.

आमच्या अण्णांवर मी कधी ओळ लिहिली नाही. भांडणं मात्र पुष्कळ झाली. चाळीस वर्षं यंत्रमागावर काढली त्यांनी, बरीचशी रात्रपाळीत. मागाच्या खडखडाटानं कान गेले. कारखान्यात ओरडून बोलायची सवय, ती घरीही तशीच. लहानपणी वाटायचं, हे सारखे रागावलेले असतात. नुसतं ‘जेवलास का’ विचारलं तरी मी दचकायचो. ऐकू येत नाही म्हणून ओरडतात, हे कळायला मला तिशी ओलांडावी लागली.

संध्याकाळी लेकीनं त्यांच्या कानाशी बसून जनीचा अभंग म्हटला. दोनदा, मोठ्यानं. शेजारची काकू डोकावून गेली.

‘‘काय म्हणलालीस? गोरा कुंभार मांडीवर? चालताना मांडीवर कसा बसंल?’’

‘‘आजोबा, कविता आहे ती!’’

‘‘बरं, पुन्हा म्हण.’’

ती पुन्हा म्हणू लागली. अण्णा डोळे मिटून बोटं मोजत होते. खांद्यावर एक. कडेवर एक. एक हात सोपानाला दिलेला. ‘नामा करांगुळी धरी’ आलं तसे थांबले.

‘‘बरोबर आहे,’’ म्हणाले. ‘‘तेवढीच मोकळी ऱ्हायली.’’

मग चहाचं विचारलं, ओरडूनच.