गाडी माझ्या नावावर होती

गाडी कुणाच्या नावावर आहे, असं हवालदारांनी विचारलं तेव्हा मी यांच्याकडे बघितलं आणि हे माझ्याकडे. स्कूटर माझ्या नावावर होती. घेतली तेव्हा आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, कुणाचं नाव घालायचं यावर दोन मिनिटंसुद्धा बोलणं झालं नव्हतं. कर्ज मी नोकरी करते त्या पतसंस्थेतून निघालं, म्हणून नाव माझं.

नोव्हेंबर २०२३. आम्ही सांगलीत विश्रामबागच्या बाजूला राहतो. मुलगा अकरावीत, वय सोळा वर्षं आठ महिने. त्याचं नाव लिहीत नाही. अशा प्रकरणात मुलाची ओळख उघड करायला कायद्यानेच मनाई आहे. सकाळी सहाचा क्लास, बाहेर धुकं, पाठीला दप्तर. वळणावर एक काका दुधाची बरणी घेऊन रस्ता ओलांडत होते. याने ब्रेक लावला, चाक घसरलं आणि स्कूटर त्यांच्या पायावर गेली. पोरगा तिथून पळाला नाही. रिक्षा थांबवली, त्यांना दवाखान्यात नेलं आणि मग आम्हाला फोन केला. काकांच्या मांडीचं हाड मोडलं होतं. वय सदुसष्ट. साखर कारखान्यातून निवृत्त झाल्यावर एका औषधाच्या दुकानात हिशेब लिहायचे.

पोलिसांनी घटनास्थळाचा पंचनामा केला, स्कूटर जप्त केली. परिवहन कार्यालयाचे निरीक्षक येऊन ब्रेक तपासून गेले. ब्रेक चांगले होते, म्हणजे दोष गाडीवर ढकलायची सोय नव्हती. मुलावर भरधाव आणि निष्काळजीपणे गाडी चालवून गंभीर दुखापत केल्याचा आरोप, आणि माझ्यावर मोटार वाहन कायद्याचं कलम १९९-अ. यांनी साहेबांना विचारलं, "बाप मी आहे, माझं नाव घाला की." साहेब म्हणाले, "पालक किंवा मालक, दोघांपैकी कुणावरही होतो. पण आरसी मॅडमच्या नावावर आहे."

हे कलम मी आधी कधी ऐकलं नव्हतं. २०१९ च्या दुरुस्तीने ते आलं आणि त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून लागू झालं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत शिकाऊ परवानासुद्धा मिळत नाही. आणि गाडी मालकाच्या संमतीनेच दिली होती असं न्यायालय गृहीत धरतं. संमती नव्हती हे आपण सिद्ध करायचं.

सोळाव्या वर्षी परवाना मिळतो, असं आमच्या सोसायटीत निम्मे लोक सांगतात. मिळतो, पण पन्नास सीसीपर्यंतच्या गाडीचा. आमची स्कूटर एकशे दहा सीसीची. आमच्या भागातल्या एकाही शोरूममध्ये पन्नास सीसीची पेट्रोल स्कूटर मी पाहिलेली नाही. शिकाऊ परवाना असता आणि त्या परवान्यात बसणारीच गाडी तो चालवत असता, तर हे कलम लागलं नसतं. आमच्याकडे दोन्ही नव्हतं.

मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे गेलं. मी घाबरून गेले होते. पण ते मंडळ निरीक्षणगृहाच्या, म्हणजे प्रकरण चालू असलेल्या मुलांना ठेवतात त्या जागेच्या, आवारातल्या एका साध्या खोलीत बसायचं. उंच व्यासपीठ नाही, पिंजरा नाही. एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यातल्या एक बाई. पोलीसही साध्या कपड्यात. पहिल्याच दिवशी आमच्या हमीवर त्याला सोडलं. मग परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) घरी आले. अभ्यास कसा, मित्र कोण, घरात भांडणं होतात का, गाडी किती दिवसांपासून चालवतो, असं सगळं विचारून अहवाल लिहून घेतला. शेवटच्या प्रश्नाला मुलानेच उत्तर दिलं, "नववीपासून." मी चहाचा ट्रे हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होते.

ही सुनावणी चालू असतानाच १९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या मोटारीखाली दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीवर जामीन झाल्याची बातमी घराघरांत पोहोचली. दुसऱ्या आठवड्यात पतसंस्थेच्या काउंटरवर एका सभासदांनी मला सगळ्यांसमोर विचारलं, "तुमच्या पोरालापण निबंधच का?" मी काही बोलले नाही. त्यांचा राग मला कळत होता. माझंच पोर कुणाच्या गाडीखाली आलं असतं तर मीही तेच विचारलं असतं. मुलाला मंडळाने समज दिली, समुपदेशनाला पाठवलं आणि आठ रविवार वाहतूक शाखेच्या लोकांबरोबर चौकात उभं राहायला लावलं. पहिल्या रविवारी घरी येऊन तो जेवला नाही. शाळेच्या वयाची, ट्रिपल सीट जाणारी मुलं त्याने मोजली होती. अकरा गाड्या.

आता माझ्या प्रकरणाबद्दल. हे नेहमीच्या फौजदारी न्यायालयात, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे होतं. वकिलांनी पहिल्याच भेटीत रस्ता दाखवला. कलमाला एक अपवाद आहे. गुन्हा आपल्या नकळत झाला, किंवा तो होऊ नये म्हणून आपण सगळी काळजी घेतली होती, असं मालकाने सिद्ध केलं तर तो सुटतो. वकील म्हणाले, "ताई, चावी फ्रिजवर असायची. तुम्ही झोपेत होता. त्याने न विचारता घेतली. मुलगा तसंच सांगेल." त्यांचा हेतू वाईट नव्हता. हे सिद्ध झालं तर पुढे नुकसानभरपाईतही फायदा होईल, हेही त्यांनी समजावलं. परवाना असलेल्यालाच गाडी द्यायची ही पॉलिसीची अट मालकाने जाणूनबुजून मोडलीच नाही म्हटल्यावर, काकांना दिलेले पैसे विमा कंपनीला आमच्याकडून मागायला अडचण आली असती.

त्या रात्री आम्ही तिघे जेवायला बसलो. मी मुलाला विचारलं, असं सांगशील का? तो म्हणाला, "तू सांगितलंस तर सांगेन." हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. त्या सकाळी दार मीच उघडलं होतं. "स्वेटर घाल, हळू जा" असं म्हणून चावी मीच हातात दिली होती. त्याआधी दोन वर्षं कोथिंबिरीला, गिरणीत, आजीला मिरज स्टेशनवरून आणायला मीच पाठवत होते. पतसंस्थेत रोज मी जामीनदारांना सांगते, "सही करताय, नीट वाचून करा, कर्जदार चुकला तर तुमच्या दारात येणार." आणि आरसीवरच्या माझ्या नावाचा तोच अर्थ मला कळला नव्हता. काकांच्या पायात सळई आहे आणि मी पोराला चोर ठरवून मोकळी व्हायचं? मी नाही म्हणाले. हे दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. लाखांचा प्रश्न होता. त्यांचंही चुकत नव्हतं.

नंतर वकिलांनीच एक गोष्ट सांगितली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असंच एक प्रकरण गेलं होतं. परवाना नसलेल्या अल्पवयीन मुलाने मोटारसायकल नेली, अपघात झाला, आणि मालक म्हणत होता की चावी माझ्या मर्जीविरुद्ध नेली. न्यायालयाने ते मानलं नाही. आपल्या गाडीचा असा गैरवापर होऊ नये हे बघणं मालकाचंच काम, असं म्हटलं. म्हणजे मी खोटं बोलले असते तरी ते टिकलं असतंच असं नाही.

मार्च २०२५ मध्ये मी गुन्हा कबूल केला. न्यायाधीशांनी दोनदा विचारलं, कुणाच्या दबावाखाली बोलताय का? मी नाही म्हटलं. शिक्षा झाली: न्यायालय उठेपर्यंत साधी कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड. ऐकायला ही शिक्षा छोटी वाटते. सकाळी साडेअकरा ते संध्याकाळपर्यंत मी मागच्या बाकावर बसले होते. बाहेर जायचं नाही. पाणी प्यायचं तरी शिपायाला विचारायचं. पुकारे होत होते, तारखा पडत होत्या. ओळखीच्या एक बाई वारसा दाखल्यासाठी आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "तुम्ही इथं कशा?" मी खरं काय ते सांगितलं. हे दंड नाझरांकडे भरून पावती घेऊन आले आणि माझ्या शेजारी बसून राहिले. त्यांना बसायची सक्ती नव्हती.

स्कूटरची नोंदणी वर्षभरासाठी गेली. सुपूर्तनाम्यावर, म्हणजे कोर्टाला हमी लिहून देऊन, ती आधीच घरी आली होती. जिन्याखाली चादर टाकून उभी केली.

फौजदारी भाग इथे संपला. पैशाचा भाग वेगळ्या रस्त्याने चालतो, हे लोकांना माहीत नसतं. काकांनी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज केला होता. आता कायद्यात या अर्जाला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. ज्यांना कुणी धडक दिली आहे त्यांनी ही मुदत लक्षात ठेवावी. त्यांच्या दाव्यात मालक म्हणून मी आणि आमची विमा कंपनी सामनेवाले होतो. पॉलिसी चालू होती, हप्ता भरलेला होता, म्हणून मी निर्धास्त होते. कंपनीच्या वकिलांनी मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला मागवला, परिवहन कार्यालयाचा साक्षीदार आणला आणि परवाना नव्हता हे दहा मिनिटांत सिद्ध केलं.

न्यायाधिकरणाने मग जो मार्ग घेतला त्याला कोर्टात "आधी द्या, मग वसूल करा" म्हणतात. थर्ड पार्टी विमा रस्त्यावरच्या तिसऱ्या माणसासाठी असतो. मालकाने अट मोडली म्हणून जखमी माणसाने रिकाम्या हाताने जायचं नाही. कंपनी त्याला पैसे देते आणि नंतर तेवढे मालकाकडून वसूल करते. त्यासाठी वेगळा दावाही लावावा लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या एका निकालात ही वाट पक्की केली, असं वकील म्हणाले. ही तरतूद माझ्या विरोधात गेली, तरी मला ती योग्य वाटते. काका माझ्या बँक खात्यात काही शिल्लक आहे की नाही याची वाट का बघत बसतील?

ऑगस्ट २०२५ मध्ये निकाल लागला. औषधपाणी, बुडालेला पगार, सोसलेला त्रास, सिव्हिलच्या दाखल्यावरचं अठरा टक्के कायमचं अपंगत्व, सांभाळायला ठेवलेल्या माणसाचा खर्च, असं सगळं धरून तीन लाख शहाऐंशी हजार, आणि अर्ज केल्यापासून सात टक्के व्याज. एकूण सव्वाचार लाखांच्या आसपास. कंपनीने काकांना दिले आणि महिन्याभरात मला नोटीस आली. एक ठेव मोडली, माझ्या पाटल्या मोडल्या, एक लाख चोवीस हजार भरले. उरलेल्या तीन लाखांचे पंधरा हजारांप्रमाणे वीस हप्ते ठरले.

निकालाआधीच मी काकांच्या घरी गेले होते. वकिलांनी आणि यांनी दोघांनीही नको म्हटलं होतं. त्यांचा मुलगा पुण्याहून आलेला, त्याने दारातच विचारलं, "तडजोडीला आलाय का?" मी म्हटलं, नाही, बघायला आले. काकू आतून म्हणाल्या, "येऊ दे रे तिला." काका वॉकर धरून खोलीतल्या खोलीत फिरत होते. काकूंनी औषधांच्या चिठ्ठ्यांची पिशवी दाखवली, तारखेवार लावलेली. पतसंस्थेतसुद्धा इतकी नीट फाइल कुणी ठेवत नाही. निघताना त्या म्हणाल्या, "पोरगं कसं आहे? क्लासला कशानं जातंय आता?" बसने, मी सांगितलं. मला पुढे काही बोलता आलं नाही.

मुलगा आता पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. त्याच्या मित्रांकडे बाइक आहेत. हा पीएमपीच्या पासवर फिरतो. शिकाऊ परवान्यासाठी त्याला मार्च २०३२ पर्यंत थांबायचं आहे. स्कूटरची नोंदणी परत झाली की ती विकायची असं आम्ही ठरवलं आहे. नंतर कधी गाडी घेतलीच, तर चावी माझ्या पर्समध्ये राहील.

आमच्या गल्लीतली मुलं सकाळी सहाला अजून गाड्या काढतात. त्यातल्या दोघांच्या आयांना मी आरसी काढून बघायला सांगितलं. एकीच्या घरची गाडी सासऱ्यांच्या नावावर निघाली, आणि ते तीन वर्षांपूर्वी वारले आहेत. तिला परवा परिवहन कार्यालयात घेऊन जाणार आहे, नाव बदलायचे कागद विचारायला. माझा पंधरा हजारांचा सातवा हप्ता पाच तारखेला आहे, तो भरूनच जाऊ.