खोटे मेमरी कार्ड आणि बिलावरचे दोन अंक

गेल्या श्रावणात कणकुंबीच्या धुक्यात काढलेली छायाचित्रे बेळगावला परतल्यावर संगणकावर उघडली, तेव्हा पहिली शे-दोनशे नीट दिसली आणि पुढची सगळी करड्या पट्ट्यांनी भरलेली निघाली. कॅमेरा ठणठणीत होता. सवलतीत ऑनलाइन मागवलेले १२८ जीबीचे कार्डच खोटे होते. अशा कार्डात खरी जागा थोडीच असते, पण त्यातल्या चिपला मोठा आकडा सांगायला शिकवलेले असते, त्यामुळे जागा संपल्यावरही कार्ड पुढची छायाचित्रे मुकाट्याने घेत राहते आणि ती हरवतात. हे कळेपर्यंत माल परत करण्याची मुदत उलटून गेली होती.

आता नवे कार्ड आले की त्याच रात्री एचटूटेस्टडब्ल्यू हा फुकट मिळणारा प्रोग्राम लावून झोपतो. तो कार्ड काठोकाठ भरतो आणि लिहिलेले पुन्हा वाचून पडताळतो. (६४ जीबीचे कार्ड विंडोजमध्ये ५९ च्या आसपास दिसते, ती मात्र लबाडी नव्हे, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने.)

संकेतस्थळ नावाजलेले असले तरी माल विकणारा बहुधा तिसराच कोणी असतो, म्हणून मी आधी विक्रेत्याचे नाव पाहतो. लेन्स किंवा कॅमेऱ्याची बॉडी घेताना खोक्यावर आयातदाराचे नाव, पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली नसेल, तर तो माल परस्पर आणलेला असण्याची शक्यता मोठी, आणि त्याला कंपनीची भारतातील वॉरंटी सहसा मिळत नाही. बिलावर वस्तूचा अनुक्रमांक आणि विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक हवाच. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्याचे असतात: २९ कर्नाटकाचे, २७ महाराष्ट्राचे. आम्हा सीमाभागातल्यांचा जुना वाद तिथे दोन अंकांत मिटलेला असतो.

लेन्सपुढे लावायचा फिल्टर घेताना त्याचे माप लेन्सच्या पुढच्या कडेवर पाहून घ्यावे, एवढे पुरे. पैसे वाचलेच तर हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आर्द्रतामापक घ्यावा, कारण आमच्याकडच्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरायला वेळ लागत नाही.

फसवणूक झालीच, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते; शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही दाद मागता येते, विक्रेता कुठलाही असो. माझ्याजवळ खोके उघडतानाचे चित्रीकरण नव्हते, म्हणून मी तो नाद सोडला. ते कार्ड अजून टेबलाच्या खणात आहे. त्यात १४ जीबी मावतात.