जुना पाच फुटी रोटर: हादरा कुठून येत होता

मागच्या खेपेला मी छातीठोकपणे लिहिलं होतं की आमच्या रोटरचा, म्हणजे ट्रॅक्टरमागे लावून माती बारीक करायच्या यंत्राचा, पात्यांचा शाफ्ट वाकलाय. तो शब्द मागे घेतो. शाफ्ट सरळ आहे. दीड महिना चुकीच्या जागी गेला, पण त्या निमित्ताने यंत्राचा सांधा न् सांधा उघडून झाला, म्हणून फार हळहळ नाही.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. रोटर माझ्या चुलत्यांचा, म्हणजे तात्यांचा. पाच फुटी, मधे क्राऊन-पिनियनचा (फेरा काटकोनात वळवणाऱ्या दातेरी चाकांच्या जोडीचा) गिअर बॉक्स, डाव्या अंगाला चेन. कंपनीची पाटी केव्हाच गळून पडलेली. सात वर्षांपूर्वी तो अचानक हादरायला लागला. तात्यांनी दोन दिवस खटपट केली, मग पलूसजवळच्या मळ्यात बाभळीखाली नेऊन सोडला, आणि तेव्हापासून भाड्याचा रोटर बोलवायला लागले. यंदा भंगारवाला किलोवर मागून गेला तेव्हा मी म्हटलं, द्यायचाच असेल तर मला द्या.

पहिले दोन रविवार निव्वळ सोलण्यात गेले. शाफ्टच्या टोकांना जे गुंडाळलं होतं ते कापून काढलं: १६ मिमीची ठिबकची नळी, बाइंडिंगची तार, सुतळी, आणि रानडुकरांसाठी बांधाला लावतात त्या साड्यांच्या चिंध्या. एक चिंधी अजून गुलाबी होती. ही गुंडाळी सरकत सरकत ऑइल सीलमध्ये शिरते, रबराची कड कापते, मग तेल बाहेर आणि चिखल आत. आमच्या उजव्या टोकाचं बेरिंग हाताने फिरवलं तर जात्यासारखं घरघरत होतं. नंबर वाचता आला, ६२०९. शेवटच्या दोन आकड्यांना ५ ने गुणलं की आतला व्यास मिळतो, ४५ मिमी. व्हर्नियरने ताडून घेतला आणि सांगलीहून नवं बेरिंग, नवं सील आणलं.

मग पाती. शाफ्टवर सात फ्लँज, म्हणजे पाती बसवायच्या चकत्या, मधल्या पाचांवर सहा-सहा, कडेच्या दोन्हींवर आत तोंड केलेली तीन-तीन. एकूण ३६ पाती, ७२ बोल्ट. त्यांतले १९ पान्याने सुटले. बाकीच्यांना डिझेल पाजून दोन रात्री थांबलो, तरी निम्म्याहून जास्त ग्राइंडरने कापावे लागले. पाच पाती उलटी निघाली, पाठ पुढे आणि धार मागे. असं पातं माती कापत नाही, तिला थपडा मारतं. म्हटलं, सापडला चोर!

जाता जाता, या एल आकाराच्या पात्याची गोष्ट मला फार आवडते. ऑस्ट्रेलियात गिलगांड्रा इथे आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड नावाच्या तरुणाने १९१२ मध्ये वडिलांच्या वाफेच्या ट्रॅक्टरवर फिरत्या कुदळीचे प्रयोग सुरू केले. त्याची पहिली यंत्रं माती बाजूला फेकायची. मग त्याने बारीक व्यासाच्या शाफ्टवर लांब लांब अंतरावर फ्लँज आणि त्यांवर एल आकाराची पाती अशी रचना केली, १९२० मध्ये पेटंट घेतलं. बाभळीखालच्या आमच्या धुडात तीच रचना आहे, शंभर वर्षांनंतरही.

पाती नवी घेतली. बसवताना क्रम चुकवू नका. ती शाफ्टवर मळसूत्रासारखी चढत जातात, म्हणजे एकामागून एक मातीत घुसतात. दोन-चार एकदम आपटली की गिअर बॉक्सला दणका बसतो. मी प्रत्येक फ्लँजवर खडूने आकडे घातले, डावं-उजवं वेगळ्या घमेल्यांत ठेवलं. तरी एक चुकलंच.

त्याआधी मोकळा शाफ्ट लेथवर फिरवून डायल गेजने वाक मोजला होता. मधोमध ०.८ मिमी. लेथवाले काका म्हणाले, "ह्याला वाकडा म्हणत असशील तर सरळ काय असतं ते मला दाखव." इथे माझा सिद्धांत मेला. मनातून मात्र गेला नाही.

चेन १०० नंबरची. यातले पहिले दोन आकडे म्हणजे इंचाचे अष्टमांश: दहा अष्टमांश, सव्वा इंच, ३१.७५ मिमी. दहा कड्या ताणून मोजल्या की नव्या चेनीत ३१७.५ भरायला हवेत. आमच्या ३२७ भरल्या. तीन टक्के वाढ म्हणजे चेन गेलीच. अशी वाढलेली चेन चाकाच्या दातांवर चढली की दातही खाते, म्हणून वेळीच बदललेली बरी.

सगळ्यात रमलो ते गिअर बॉक्समध्ये. क्राऊन-पिनियनचा प्ले, म्हणजे दातांमधली ढिलाई, बघायला सोल्डरची तार दातांत घालून फिरवली आणि चपटी झालेली जागा मोजली: ०.६ मिमी. एवढ्या जोडीला पाव मिमीच्या आसपास पुरे. शिम, म्हणजे मधल्या पातळ चकत्या, काढत गेलो. पण प्ले बरोबर आला म्हणजे दात बरोबर बसले असं नाही. त्यासाठी आमच्याकडचे जुने मिस्त्री करायचे तेच केलं, शेंदूर तेलात कालवून दातांना बोटाने लावला आणि पिनियन सावकाश फिरवला. जिथे दात दाताला भिडतो तिथला शेंदूर पुसला जातो. आमचा ठसा पार बाहेरच्या टोकाला होता. तो दाताच्या मध्यावर, किंचित आतल्या अंगाला यायला हवा. एक शिम इकडची तिकडे, परत लाव, परत फिरव. चार संध्याकाळी. मारुतीचा शेंदूर यंत्राला नेला म्हणून आईचं बोलणं खाल्लं ते वेगळंच. (शेंदरात शिसं असतं. हात नीट धुवा, त्याच हाताने चहा-बिस्कीट नको.)

उघडलंच होतं म्हणून दात मोजले. मधे १२ ला २३, चेनकडे १४ ला १८. पीटीओच्या (ट्रॅक्टरच्या मागची फिरती दांडी, तीच रोटर चालवते) मिनिटाला ५४० फेऱ्यांना रोटर २१९ फिरतो. ट्रॅक्टर ताशी ३ किलोमीटरने चालला तर रोटरच्या एका फेरीत यंत्र साधारण २३ सेंटिमीटर पुढे जातं. एका बाजूला तीन पाती, म्हणजे प्रत्येक पात्याचा घास साडेसात सेंटिमीटरच्या जवळपास. गिअर वाढवला की घास मोठा, ढेकळं मोठी. "हळू मार, माती बारीक होते" हे तात्या नेहमी सांगायचे, त्यामागचा हिशोब मला या वयात कळला.

सगळं जोडलं, ९० नंबरचं गिअर ऑइल भरलं, ५७५ ट्रॅक्टरला लावलं, पीटीओ टाकला. हादरा तसाच. अगदी तसाच. सीटवर बसून मला रडू यायचं बाकी होतं.

रात्री जेवताना एक गोष्ट आठवली. रोटर जमिनीलगत असताना हादरा कमी होता, हायड्रॉलिकने उचलला की वाढत होता. शाफ्ट वाकडा असता, पाती चुकलेली असती, तर उंचीचा संबंधच नव्हता. उचलल्यावर बदलतो तो फक्त ट्रॅक्टर आणि रोटर जोडणाऱ्या पीटीओ शाफ्टचा कोन! हात धुतले आणि बॅटरी घेऊन गोठ्यामागे गेलो.

या शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस, म्हणजे अधिकच्या चिन्हासारखा सांधा असतो. तो कोनात फिरतो तेव्हा त्याच्या पलीकडचा वेग एकसारखा राहत नाही. एका फेरीत दोनदा वाढतो, दोनदा कमी होतो. शाफ्टच्या मधल्या दोन्ही योकची (क्रॉस धरणाऱ्या दुबेळक्यांची) तोंडं एका रेषेत असली तर दुसरा क्रॉस पहिल्याची ही ओढाताण भरून काढतो. एकमेकांना काटकोनात असली तर तो तीत भर घालतो. आमच्या शाफ्टला चौकोनी दांडी चौकोनी नळीत जाते, म्हणजे चार तऱ्हांनी बसते. त्यांतल्या दोन बरोबर, दोन चूक. बॅटरीच्या उजेडात बघितलं: एक योक उभा, एक आडवा.

शाफ्ट ओढला, पाव फेरी फिरवला, परत घातला. दोन मिनिटं.

आता ज्याचा उल्लेख टाळणार होतो ते. शाफ्ट ओढून वेगळा केला की मगच ही चूक होऊ शकते. सात वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत घरी आलो होतो, "तात्या, मी ग्रीस मारून ठेवतो" म्हणून तो शाफ्ट कोणी ओढला होता? मीच. फडक्याने पुसला, ग्रीस लावलं आणि जसा गेला तसा घातला. आता दोन्ही तुकड्यांवर तेलरंगाने बाण काढलेत, बाणासमोर बाण. तुमच्याकडे चौकोनी शाफ्ट असेल तर आजच काढून ठेवा, ओढायच्या आधी.

गेल्या शनिवारी खोडवा मोडलेल्या दहा गुंठ्यांत चाचणी घेतली. वाफसा होता, पाचट आधी कुट्टी केलेलं. रोटर उचलला तरी आवाज बदलला नाही. मागचा पत्रा खाली सोडला तर माती हरभरा पेरण्याजोगी झाली, थोडी जास्तच बारीक. माझं मत असं की आमच्या काळ्या रानात रोटर वर्षातून एकदाच बस. दरवेळी, त्यातही ओलीत मारला की वर पीठ आणि खाली तव्यासारखा कडक थर होतो, मग मुळं वर आणि पाणीही वर. पण हे रोटर दुरुस्त करणाऱ्यानेच सांगायचं म्हणजे कठीण आहे.

तात्या बांधावर खुर्ची टाकून बसले होते. त्यांना शाफ्टचं सगळं सांगितलं, माझ्या दिवाळीसकट. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजे सात वर्षं भाड्याचं पैसं मी तुझ्या ग्रीसपायी दिलं म्हण की." आणि दुसरा फेरा मारून दाखव म्हणाले.

रंग अजून नाही, रेड ऑक्साइडचा एक हात झालाय. चेन केसच्या खालच्या बाजूला तेलाचा थेंब धरतोय. पॅकिंग बदललं, बोल्ट कसले, तरी धरतोय. पत्र्याला बारीक चीर असावी. या रविवारी तेल काढून, डिझेलने धुऊन, खडू फासून बघणार आहे. जिथे खडू काळा पडेल तिथे वेल्डिंग.