तुम्ही विचारलंत म्हणून: चर्चचा नियम मोडला म्हणजे देवाची आज्ञा मोडली का?

हा प्रश्न बहुतेक वेळा अपराधी सुरात येतो. शुक्रवारी चुकून मांस खाल्लं, मिस्साआधी (कॅथलिक उपासनेआधी) गोळी घेतली, आता काय? कधी तो तावातावाने येतो: हे सगळं माणसांनीच रचलंय ना, मग मी का पाळू? दोघांनाही मी आधी एकच गोष्ट तपासायला सांगतो: या नियमातून कुणी सूट देऊ शकतं का?

कॅथलिक चर्चची सध्याची कायदेसंहिता १९८३ सालची, १७५२ कलमांची. तिचं ८५ वं कलम सांगतं की सूट मिळते ती निव्वळ चर्चने केलेल्या कायद्यातून. देवाच्या आज्ञेतून सूट देणं पोपच्याही हातात नाही. लग्नाच्या नियमांत हे दोन्ही प्रकार शेजारीशेजारी दिसतात. चुलत-मामे भावंडांच्या लग्नाला चर्चची मनाई आहे, पण बिशप सूट देऊ शकतो. सख्ख्या भावाबहिणीला ती कधीच मिळत नाही. बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी लग्न करायला सूट मिळते. आधीचं वैध लग्न टिकून असेल तर नाही. चर्चचं न्यायालय एखादं लग्न रद्दबातल ठरवतं तेव्हा देवाने बांधलेली गाठ माणसाने सोडली असा अनेकांचा समज होतो. तो चुकीचा आहे. न्यायालय एवढंच जाहीर करतं की ती गाठ मुळात वैधपणे बसलीच नव्हती.

कम्युनियनआधीचा, म्हणजे मिस्सात पवित्र भाकर घेण्याआधीचा उपवास तर पूर्णपणे चर्चचा नियम. पूर्वी मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही चालत नसे. १९५३ साली पाण्याची मुभा मिळाली, १९५७ साली उपवास तीन तासांवर आला, १९६४ साली एका तासावर. देवाची आज्ञा अशी तासांनी कमी होत नसते. हा तास मिस्सा सुरू होण्याआधीचा नव्हे, कम्युनियन घेण्याआधीचा मोजायचा. पाणी आणि औषध यांनी उपवास मोडतच नाही. वृद्धांना, आजाऱ्यांना आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना तर तासाचंही बंधन नाही. तरीही गोळी घेतली म्हणून कम्युनियन न घेता बाकावर बसून राहणारी माणसं असतात, आणि याचं मला फार वाईट वाटतं. नियम होता त्याहून कडक करून त्यांनी स्वतःलाच उपाशी ठेवलेलं असतं. शुक्रवारी मांस वर्ज्य करण्याचा नियमही चर्चचाच, तो चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर लागू होतो. राखेचा बुधवार (ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडे या दोन दिवसांचा उपवास अठरा पूर्ण झाल्यापासून साठावं लागेपर्यंत.

आता मूळ दुखणं. ते बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात आहे. परूशी (नियम काटेकोर पाळणारा यहुदी पंथ) आणि शास्त्री (धर्मशास्त्राचे जाणकार) येशूला विचारतात, तुझे शिष्य हात न धुता का जेवतात? तो उत्तरादाखल ‘कुर्बान’चं उदाहरण देतो. मुलगा आईबापांना म्हणतो, माझ्याकडून तुम्हाला जे मिळायचं होतं ते कुर्बान, म्हणजे देवाला वाहिलेलं. एवढं बोललं की आईबापांचा त्यावरचा हक्क संपला. पुढे त्याला त्यांच्यासाठी काही करायचं असलं तरी शास्त्री करू देत नसत, कारण नवस मोडता येत नाही. आणि हा ‘नवस मोडू नये’ कुठून आला? बायबलमधल्या ‘गणना’ या पुस्तकाच्या तिसाव्या अध्यायातून, म्हणजे शास्त्रातूनच. मला इथे थांबावंसं वाटतं. माणसांचा नियम दरवेळी हवेतून येत नाही. तो देवाच्या एका आज्ञेला धरून उभा राहतो आणि दुसरीला झाकतो. इथे झाकली गेली ती ‘आपल्या बापाचा व आईचा मान राख’ ही. म्हणून नियमाला वचनाचा आधार आहे का, एवढंच पाहून भागत नाही. तो पाळल्यावर उपाशी कोण राहतं, हेही पाहावं लागतं.

पोपचा अधिकार न मानणाऱ्या प्रॉटेस्टंट मंडळींना वाटतं हा प्रश्न आपल्याकडे मिटला. १० डिसेंबर १५२० रोजी धर्मसुधारक मार्टिन ल्युथरने जर्मनीतल्या विटेनबर्गमध्ये पोपच्या फर्मानाबरोबर चर्चच्या कायद्याची पुस्तकंही जाळली, हे खरं. पण थोड्याच वर्षांत ल्युथरन चर्चनी आपापल्या नियमावल्या लिहिल्या, कारण उपासना कधी, पाळक कोण, पैसा कुणाच्या हाती, हे कुठेतरी ठरवावंच लागतं. १५३० च्या ऑग्सबर्ग कबुलीजबाबाने, म्हणजे ल्युथरन विश्वासाच्या जाहीरनाम्याने, मर्यादा घातली ती अशी: सुव्यवस्थेसाठी नियम करा, पण ते पाळल्याने तारण मिळतं असं सांगून कुणाच्या विवेकावर ओझं टाकू नका. ही मर्यादा मला प्रत्येक चर्चसाठी योग्य वाटते.

प्रेषित पौल देवाची आज्ञा आणि माणसाचा नियम यांतला हा फरक स्वतःच्या लिखाणातही पाळतो. करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात तो एका ठिकाणी म्हणतो, ही आज्ञा माझी नव्हे, प्रभूची. आणि दोनच ओळींनंतर, हे मी सांगतो, प्रभू नव्हे. यरुशलेममध्ये भरलेल्या प्रेषितांच्या सभेने तर ‘पवित्र आत्म्याला व आम्हाला योग्य वाटलं’ असं लिहून रक्त आणि गुदमरून मारलेल्या प्राण्यांचं मांस वर्ज्य केलं होतं. आज बहुतेक पाश्चात्त्य चर्चमध्ये हा नियम कुणी पाळत नाही. तो त्या वेळी यहुदी आणि परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांना एका पंगतीत बसता यावं म्हणून होता.

राहिला तावातावाचा प्रश्न. त्यासाठी प्रेषितांची कृत्ये ५:२९ पुढे केलं जातं: माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. पण येशूचा शिष्य पेत्र हे कधी बोलला? येशूच्या नावाने शिकवू नका, असं यहुद्यांच्या धर्मसभेने बजावलं तेव्हा. आणि शिकवा, ही तर प्रभूची उघड आज्ञा होती. देव जे करायला सांगतो ते माणूस अडवतो, किंवा देव जे वर्ज्य करतो ते माणूस करायला लावतो, तिथेच हे वचन लागू पडतं. लग्नाआधीचे वर्ग कंटाळवाणे आहेत किंवा कागद वेळेत मिळत नाही, याला ते लागू पडत नाही. बांधण्या-सोडण्याचा, म्हणजे नियम लावण्याचा वा सैल करण्याचा अधिकार येशूने मत्तयच्या शुभवर्तमानाच्या १६ व्या अध्यायात पेत्राला आणि १८ मध्ये शिष्यांना दिला, तो माणसांनाच दिला. आणि त्या दिवशी धर्मसभेपुढून पेत्र व इतर प्रेषित फटके खाऊन बाहेर पडले, ते आनंद करत. आणि दररोज त्याच मंदिरात शिकवत राहिले.