पवनचक्की आली 1976 मध्ये, गाव मात्र जुनं

अमेरिकेत ओमाहाहून डी मॉइनला गाडीने जाणार असाल, तर इंटरस्टेट 80 वरच्या 54 नंबरच्या एक्झिटला उतरून उत्तरेकडे वळा. मक्या-सोयाबीनच्या शेतांतून पाच-सात मैलांवर आयोवा राज्यातलं एल्क हॉर्न लागतं आणि त्याच्या थोडं पुढे किम्बल्टन. एकात सहाशेच्या आसपास माणसं, दुसऱ्यात तीनशेच्या. अमेरिकेतली डॅनिश शेतकऱ्यांची सर्वांत मोठी ग्रामीण वसाहत म्हणून हा टापू ओळखला जातो.

लांबूनच दिसते ती 60 फुटी पवनचक्की. ती खरी आहे, पण इथल्या पहिल्या शेतकऱ्यांनी ती पाहिलेली नाही. 1848 मध्ये ती डेन्मार्कच्या जटलंडमध्ये, नोरे स्नेडे इथे उभी राहिली. एल्क हॉर्नच्या लोकांनी ती विकत घेतली, तिथल्या सुतारांनी एकेका तुळईवर नंबर घालून ती उतरवली आणि 1976 मध्ये गावकऱ्यांनी आपल्या हातांनी ती इथे जोडली.

आत गेलात तर पात्यांपेक्षा दगड नीट बघा. तत्त्व आपल्या जात्याचंच: खालची तळी स्थिर, वरची फिरती. या जातीच्या चक्कीत पूर्ण इमारत वळत नाही, वरची टोपी तेवढी वाऱ्याकडे वळवतात. वारा फार चढला की दगड वेगाने फिरतात, पीठ तापतं आणि त्याला करपट वास येतो. दाणे संपले आणि दगड रिकामे घासले गेले, तर ठिणग्या उडतात. लाकडी इमारतीत, पिठाच्या धुरळ्यात, ठिणगी म्हणजे काय ते सांगायला नको. जात्याला टाकी लावतात तशी या दगडांनाही लावावी लागते. खाचा बोथट झाल्या की दाणा कापला न जाता चिरडला जातो.

गावाचा खरा इतिहास मात्र पात्यांत नाही, चर्चच्या भांडणात आहे. 1864 च्या युद्धात डेन्मार्कने श्लेस्विग हा दक्षिणेकडचा प्रांत गमावला, तो प्रशिया या जर्मन राज्याकडे गेला. तिथले तरुण प्रशियाची लष्करभरती टाळायला बाहेर पडले. बाकीच्या डेन्मार्कातून निघालेल्यांत बरेच जण तुकडाभर जमिनीवर भागत नाही म्हणून आलेले. आयोवात जमीन चौकोनी आखलेली: एक चौरस मैल म्हणजे 640 एकर, त्याचा पाव भाग 160 एकर. डेन्मार्कातल्या शेतमजुराला हे आकडे स्वप्नवतच वाटत असणार.

1878 मध्ये एल्क हॉर्नला लोकशाळा निघाली, अमेरिकेतली पहिली डॅनिश ‘होयस्कोल’. परीक्षा नाही, पदवी नाही. शेतीची कामं थंडावली की तरुणांनी यावं, व्याख्यानं ऐकावीत, गाणी म्हणावीत, व्यायाम करावा. ही कल्पना डॅनिश धर्मगुरू ग्रुंटविग यांची. त्यांच्या अनुयायांना नाचगाणं वर्ज्य नव्हतं. ‘इनर मिशन’ या चर्चमधल्याच कर्मठ पंथाच्या लोकांना नाच, पत्ते, दारू सगळंच खटकायचं. बायबल हाच देवाचा शब्द, की त्यात देवाचा शब्द आहे, यावरूनही वाजलं. 1894 मध्ये डॅनिश चर्च फुटलं. लोक एका गटाला ‘हसरे डेन’ म्हणत, दुसऱ्याला ‘सोवळे डेन’. सोवळ्यांचं पारडं एल्क हॉर्नमध्ये जड, हसऱ्यांचं किम्बल्टनमध्ये. दोन्ही परंपरा एका चर्चसंस्थेत यायला 1988 उजाडलं!

मधल्या काळात भाषेवरच घाला आला. पहिल्या महायुद्धात, 23 मे 1918 रोजी, आयोवाचे गव्हर्नर विल्यम हार्डिंग यांनी फतवा काढला: शाळा, चर्च, सार्वजनिक संभाषण, एवढंच काय टेलिफोनवरसुद्धा फक्त इंग्रजी. ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांनी घरी प्रार्थना करावी. डेन्मार्क तर युद्धात तटस्थ होता! डिसेंबरात फतवा मागे घेतला गेला, पण आजीला चर्चमधलं प्रवचन कळेना तेव्हा घरात काय झालं असेल, हे मराठी माणसाला वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

जिभेवरचा वारसा मात्र कुठल्याच फतव्याला जुमानत नाही. एब्लेस्कीवर म्हणजे थेट आपले आप्पे, गोड. घरच्या आप्पेपात्रात होतात. मैदा 250 ग्रॅम, ताक 400 मिली, 3 अंडी, एक मोठा चमचा साखर, अर्धा-अर्धा लहान चमचा मीठ, खायचा सोडा आणि वेलदोड्याची पूड. वेलदोडा बघून चकित होऊ नका, डॅनिश बेकरीत तो मुरलेला आहे. पिवळा बलक ताकात, पांढरा वेगळा फेटून शेवटी हलक्या हाताने मिसळायचा. इथे घाई केली की फेस बसतो आणि गोळे दडदडीत होतात. खळगा पाऊण भरा, कड धरली की विणायच्या सुईने पाव वळसा द्या. आतलं ओलं पीठ खाली ओघळतं आणि गोल पुरा होतो. पात्र जास्त तापलं तर बाहेरून काळं, आतून कच्चं. वरून पिठीसाखर आणि जॅम. नावात सफरचंद आहे, आत आता बहुधा नसतं.

वेळ उरला तर दफनभूमीत फिरा. ‘ओ’वर तिरकी रेघ असलेला शब्द जन्माच्या तारखेपुढे असेल तर दगड डॅनिशमध्ये कोरलेला आहे. हॅन्सन, जेन्सन, पीटरसन यांची रांग लागेल. जुन्या डेन्मार्कात हान्सचा मुलगा येन्स हा ‘येन्स हान्सन’, आणि येन्सचा मुलगा ‘येन्सन’. आपलं मधलं नाव आडनाव झालं असतं तर जे झालं असतं, तेच. 1828 च्या फर्मानाने आडनाव पिढ्यान् पिढ्या तेच राहावं असं सांगितलं. खेड्यांत ते रुजायला वेळ लागला. म्हणून सख्ख्या बाप-लेकांची आडनावं वेगळी दिसली तर कागद चुकीचा आहे असं समजू नका.

याचमुळे वंशावळ शोधणारे नुसत्या आडनावावर अडकतात. आधी डेन्मार्कातल्या मूळ पॅरिशचं (एका चर्चच्या हद्दीतल्या टापूचं), म्हणजे ‘सोग्न’चं नाव हवं. एल्क हॉर्नच्या डॅनिश स्थलांतरितांच्या संग्रहालयात वंशावळीचा स्वतंत्र विभाग आहे. तिथे जाताना घरातलं जुनं बायबल, मृत्यूलेख, चर्चचे दाखले बरोबर न्यावेत, कारण सोग्नचं नाव बहुधा त्या कागदांतच सापडतं. ते मिळालं की डेन्मार्कच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या चर्चच्या वह्या घरबसल्या, फुकट उघडता येतात. अक्षर मात्र जुन्या गॉथिक वळणाचं असतं, मोडीसारखं. एखादा तास नुसती अक्षरं ओळखण्यात जातो.